कालनिर्णयावर आखलेली मॅरेथॉन

मॅरेथॉनच्या तयारीचे तक्ते आजकाल कुठंही मिळतात. सोळा आठवडे, अठरा आठवडे, मंगळवारी वेगाचा सराव, गुरुवारी मध्यम अंतर, रविवारी लांब धाव, सोमवारी विश्रांती. तक्ते चुकीचे नसतात, पण वाचताना दर वेळी एकच प्रश्न पडतो: या माणसाच्या घरी स्वयंपाक कोण करतं? रविवारी तीन तास पळून आल्यावर तो पाय वर करून झोपणार, हे त्यात गृहीतच धरलेलं. आमच्या नागपुरातल्या बेसा-मनीषनगरकडची बाई तीन तास पळून येते, आंघोळ करते, कुकर लावते, लेकराचा शाळेचा प्रोजेक्ट चिकटवते आणि दुपारी पाहुणे असतील तर पुरणही शिजवते. तिची सोमवारची विश्रांती म्हणजे सहा वाजता उठून दोन डबे.

म्हणून ज्या आयांना पळायचं आहे, अर्ध्या मॅरेथॉनपासून सुरुवात करून पुढं ४२.१९५ किलोमीटरपर्यंत जायचं आहे, त्यांना माझं पहिलं सांगणं असं की छापील तक्ता बाजूला ठेवा आणि भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. तुमची मॅरेथॉन त्याच्यावर आखायची आहे.

समजा, डोळ्यासमोर मुंबई मॅरेथॉन आहे. २००४ पासून होणारी ही शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे १५ ते २१ तारखेच्या मधली. संक्रांत येते १४ किंवा १५ला. शर्यतीच्या ज्या आठवड्यात पायांना आराम द्यायचा, नेमक्या त्याच आठवड्यात घरोघरी हळदीकुंकू, वाण आणि तासन् तास उभं राहणं. आता तिथून अठरा आठवडे मागं या, सप्टेंबरच्या मध्यावर पोचाल. मधल्या काळात नवरात्र, मुलांची सहामाही परीक्षा, दिवाळीचा फराळ, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन. अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्समधल्या रस्त्यांवर बॅरिकेड लागतात, त्यामुळे तिकडं सरावाला जाणाऱ्यांनी तेही धरून ठेवावं.

आधी जे दिवस जाणारच आहेत त्यांच्यावर सरळ काट मारा: परीक्षेच्या आदल्या रात्री, दिवाळीचा आठवडा, घरातलं लग्न. उरलेल्या रविवारांवर लांब धावा लिहा. साधारण दहा-बारा रविवार हाती लागतात आणि ते पुरेसे असतात. सर्वांत लांब धाव, तीस किलोमीटरच्या आसपासची, शर्यतीच्या तीन आठवडे आधी, म्हणजे नाताळानंतरच्या रविवारी येते. तोवर नागपूरची थंडी पडलेली असते, शाळेलाही बहुधा सुट्टी असते, लेकरं उशिरा उठतात. हा योग सोडू नका. दिवाळीत आठवडाभर पळणं झालं नाही म्हणून कमावलेला दम जात नाही. जातो तो चकल्या तळत रात्री एक वाजता झोपून, पहाटे साडेचारला उठून, बुडालेलं भरून काढण्याच्या हट्टात. बुडालेलं बुडू द्यावं. पुढच्या आठवड्यात दोन लांब धावा करून हिशेब जुळवणाऱ्या बायकाच नंतर गुडघा धरून बसलेल्या दिसतात.

पहिल्या वर्षी पूर्ण मॅरेथॉनचा विचारही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विशेषतः लेकरू तीन वर्षांच्या आतलं असेल तर. पहिल्या हिवाळ्यात दहा किलोमीटर आणि अर्धी, दुसऱ्या हिवाळ्यात पूर्ण. एक वर्ष थांबल्यानं काही बिघडत नाही, हाडांना आणि स्नायूबंधांना मात्र तेवढा वेळ लागतोच. दम दोन महिन्यांत वाढतो, हाडं त्या वेगानं तयार होत नाहीत, आणि दुखापती होतात त्या याच तफावतीतून.

बाळंतपणानंतर

आपल्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना जपायची रीत आहे. डॉक्टर सहा आठवड्यांनी तपासणीला बोलावतात, म्हणजे दोन्ही हिशेब जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. पण सव्वा महिना झाला म्हणजे पळायला मोकळी झाली, असं नाही. बाळंतपणानंतर धावण्याकडं परतण्याबाबत ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत बारा आठवड्यांच्या आत पळू नये असं सांगितलं आहे. हे बारा आठवडे कमीत कमी आहेत. सिझेरियन झालं असेल किंवा टाके जास्त असतील तर आणखी थांबायचं, आणि ते तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून.

बारा आठवड्यांनंतर घरच्या घरी एक परीक्षा घ्या. अर्धा तास झपझप चालता येतं का? एका पायावर दहा सेकंद तोल सांभाळता येतो का? एका पायावर दहा वेळा थोडं खाली बसून उठता येतं का? जागच्या जागी एक मिनिट पळता येतं, एका पायावर दहा उड्या मारता येतात का? हे करताना कुठं दुखलं, लघवी निसटली किंवा योनिमार्गात काही खाली उतरतंय असं जड वाटलं, तर पळणं अजून लांब आहे.

लघवी निसटण्याबद्दल आपल्या बायका एकमेकींशीही बोलत नाहीत. शिंकलं की होतं, जोरात हसलं की होतं, पळताना तर होतंच, आणि मग काळी पँट आणि पॅड हाच उपाय ठरतो. ‘पोरं झाल्यावर असंच असतं’ हे आईनं सांगितलेलं, आईला तिच्या आईनं. पुष्कळ जणींना होतं हे खरं, पण म्हणून ते सोसत राहायचं असं कुठं आहे? ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना झोळीसारखं पेलून धरणारे स्नायू असतात. गर्भारपणात आणि प्रसूतीत ते ताणले जातात. व्यायामानं ते पुन्हा घट्ट होतात आणि हा व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट आता नागपुरातही आहेत. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखतो तसे स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि तितक्याच सावकाश सोडायचे. सोडणं धरण्याइतकंच महत्त्वाचं. काही जणींचे स्नायू सैल नसून आधीच आखडलेले असतात, त्यांना नुसतं आवळत राहिल्यानं त्रास वाढतो, म्हणून एकदा तरी तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

‘पळून पळून गर्भाशय खाली सरकेल’ असं सांगणारी एखादी काकू प्रत्येक लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, असते. तिला हसण्याआधी हे लक्षात घ्या की १९६०च्या दशकात अमेरिकेतही बायकांना असंच बजावलं जायचं. बोस्टन मॅरेथॉनमध्ये बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ला, लॉस एंजेलिसमध्ये. काकूचं म्हणणं सरसकट चूक, पण तिच्या भीतीत एक कण खरा आहे: सैलावलेल्या स्नायूंवर घाईनं धक्के दिले तर जुना त्रास वाढू शकतो. काकूला तसं सांगितलं तर ती खूश होते, आणि तासभर लेकरू सांभाळायला तयारही होते.

अंगावर पाजणाऱ्या आयांना ‘पळून आल्यावर दूध आंबतं’ ही भीती घातली जाते. मध्यम व्यायामानं दुधाचं प्रमाण कमी होत नाही आणि बाळाच्या वाढीवरही परिणाम होत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. निघण्याआधी पाजून घ्या, ते बाळासाठी नाही तर तुमच्यासाठी. भरलेल्या छातीनं पळणं किती त्रासाचं असतं ते पहिल्याच किलोमीटरला कळतं. पाणी आणि जेवण दोन्ही वाढवा. डिंकाचे नि अळिवाचे लाडू फक्त बाळंतपणापुरते ठेवू नका. अळिवात लोह भरपूर असतं.

ब्रिटनची जास्मिन पॅरिस २०१९च्या जानेवारीत ४३१ किलोमीटरची स्पाइन रेस ८३ तासांत पुरुषांनाही मागं टाकून जिंकली. वाटेतल्या थांब्यांवर ती लेकीसाठी दूध काढून ठेवत होती. पॉला रॅडक्लिफची लेक २००७च्या जानेवारीत झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिनं न्यू यॉर्क मॅरेथॉन जिंकली. या गोष्टी व्हॉट्सअॅपवर फिरतात, आपल्याला पाठवल्याही जातात. पाठवणारे एक गोष्ट गाळतात: प्रसूतीनंतर लवकर सराव सुरू केल्यावर रॅडक्लिफच्या कमरेखालच्या हाडाला ताणाची बारीक चीर गेली आणि तिला थांबावं लागलं. तिच्या हाताशी जगातले उत्तम डॉक्टर होते. आपल्या हाताशी एक सासूबाई आणि एक कामवाली बाई, तीही रविवारी सुट्टीवर.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर बारामतीच्या लता भगवान करे यांचं घ्यावं लागेल. शेतमजुरी करणारी, साठी ओलांडलेली आजी नवऱ्याच्या तपासणीच्या खर्चासाठी नऊवारीत, अनवाणी पळाली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. पुढं त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली, आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. भाषणांतून मात्र त्यांचा दाखला फार स्वस्तात दिला जातो: ‘त्या अनवाणी पळाल्या, तुम्हाला बूट कशाला लागतात?’ त्यांची शर्यत तीन किलोमीटरची होती आणि पाय आयुष्यभर शेतात राबलेले होते. त्या अनवाणी पळाल्या त्या गरजेपोटी. ज्या बाईला उपचारासाठी पळावं लागलं तिच्याकडून सोसण्याचे धडे घेण्यापेक्षा, दिवसभर पायांवर असणारं शरीर किती तयार असतं, एवढं घ्यावं. तुम्ही रोज बाजारात चालत जात असाल, चार जिने चढत असाल, तर शून्यापासून सुरुवात करत नाही आहात.

रस्ता कुठला धरायचा

बेसा आता नुसतं गाव राहिलेलं नाही. बेसा-पिपळा नगरपंचायत झाली, चहूबाजूंनी इमारती उभ्या राहिल्या. पण पहाटे पाचला रस्ते अजून अर्धे अंधारात असतात, बांधकामाचे ट्रक सुटलेले असतात आणि आउटर रिंग रोडला फुटपाथच्या भरवशावर पळण्यात अर्थ नाही. आठवड्यातल्या छोट्या धावांसाठी माझी शिफारस लेआउटच्या फेऱ्यांची आहे. घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतलं एक वळसा घेणारं वर्तुळ ठरवा आणि तेच फिरत राहा. कंटाळवाणं वाटेल, पण लेकरू उठलं, फोन आला, तर तीन मिनिटांत घरी. बाटली फाटकावर ठेवता येते, लघवीची अडचण नाही, आणि चार फेऱ्यांनंतर चौकीदार ओळखायला लागतो, ही सुरक्षितताच. सुरुवातीला कोणीतरी बाल्कनीतून विचारतंच: “काहो वहिनी, कोणी मागं लागलं का?” त्यानंतरचा प्रश्न ठरलेला: “लेकरू कोणापाशी ठेवलं?” नवऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. उत्तर द्यायला थांबू नका, हात हलवून पुढं जा. आठवडाभरात विचारणाऱ्यांचा उत्साह संपतो, आणि त्यांच्यातली एखादी बूट घालून खाली उतरते.

मोकळ्या रस्त्यावर गेलात तर उजव्या बाजूनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा. अंगावर चमकणारी पट्टी असलेलं जॅकेट घाला, कानात काही घालू नका. फोन सोबत हवाच, मदतीसाठी ११२ पाठ असू द्या. स्वामीधाम मंदिराच्या बाजूला सकाळी दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ असते, एकटीनं पळणाऱ्या बाईला निर्जन रस्त्यापेक्षा असा वर्दळीचा रस्ता केव्हाही बरा. सिमेंटच्या रस्त्यांची कड उतरती असते, रोज एकाच बाजूनं पळाल्यावर एका पायावर जास्त भार येतो, म्हणून मधूनमधून फेरीची दिशा उलटी करा. एखादं शाळेचं मैदान किंवा रिकाम्या लेआउटचा मुरमाचा रस्ता मिळाला तर सोन्याहून पिवळं.

कुत्र्यांचं काय? कुत्री मागं लागली की पळायचं नाही. थांबायचं, नजरेला नजर द्यायची नाही, पाठ फिरवायची नाही, हात अंगाशी घेऊन हळूहळू चालत बाजूला व्हायचं. चावा किंवा नुसता ओरखडा आला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. हळद, तिखट, चुना यांपैकी काही लावायचं नाही.

नागपूर सपाट आहे. मुंबईत पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात, पाय थकलेले असताना येतो, त्यामुळे महिन्यातून दोन रविवार तरी सेमिनरी हिल्सला जाऊन चढाचा सराव करावा. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला जायचं असेल तर तो सराव दुप्पट करा. तिथं यवतेश्वरचा घाट आहे.

उन्हाळा, पाणी आणि ताट

नागपुरात मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी उन्हाळ्याचा मान ठेवायला हवा. २०१३च्या मे महिन्यात इथं ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. मेमध्ये पहाटेसुद्धा हवेत ऊब असते. एप्रिल ते मृगापर्यंत अंतर वाढवू नका. सहा-साडेसहाच्या आत आटोपा आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत पळणं सोडून घरातच ताकदीचा व्यायाम करा. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही असं सांगणारे आहेत. ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बरोबर पळणारी मैत्रीण असंबद्ध बोलू लागली, लडखडू लागली, तर घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, मिळेल त्या गार पाण्यानं अंग भिजवत राहा आणि १०८ला फोन करा.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोकं वाईट. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं आढळलं. त्याचं मोठं कारण होतं गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. हळू पळणारे पाच-सहा तास रस्त्यावर असतात आणि प्रत्येक टेबलावर थांबून पितात, त्यामुळे आपल्यासारख्यांना हा धोका अधिक. तहान लागेल तसं, घोट घोट प्या. एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, हे घरगुती मिश्रण लांब धावेला चांगलं चालतं. लिंबू पिळलं तर पोटात जातंही पटकन.

आता रक्ताबद्दल. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. म्हणजे आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जणी रिकाम्या टाकीवर गाडी सुरू करतात आणि चढ लागला की स्वतःच्या जिद्दीला दोष देतात. पाळीतून लोह जातं, घामातून थोडं जातं, पळताना पायांच्या आपटण्यानं काही रक्तपेशीही फुटतात. म्हणून बूट घेण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर लांब धावा थांबवून आधी डॉक्टरांकडं. लोहाची गोळी चहासोबत कधीही घेऊ नये, चहा लोह शोषू देत नाही. ती संत्र्यासोबत घ्यावी, ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. नागपूरकरांनी तरी याला नाही म्हणू नये.

ताटाचं शास्त्र सोपं आहे. पळण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळं किंवा दोन खजूर. दीड तासाहून जास्त पळायचं असेल तर खिशात गुळाचे खडे किंवा राजगिऱ्याची चिक्की. आल्यावर अर्ध्या-एक तासात दूध, अंडी, सातूचं पीठ, मोड आलेली उसळ, यांपैकी जे घरात असेल ते. आधी सगळ्यांचं आवरून मग अकराला जेवायचं, ही सवय मोडा. तीच सवय स्नायू भरून येऊ देत नाही. लांब धावेच्या आदल्या रात्री तिखट सावजी रस्सा नको, तर्री-पोहे धाव झाल्यावर. नवरात्राचे उपास करणाऱ्यांना मी अडवणार नाही, पण नऊ दिवस साबुदाण्यावर राहून अठरा किलोमीटर पळू नये. त्या नऊ दिवसांत गरब्याला जाता ना, तोच व्यायाम धरा.

पाळी अचानक बंद झाली किंवा लांबायला लागली तर ‘बरंच झालं, कटकट गेली’ असं म्हणू नका. खाणं कमी आणि पळणं जास्त झाल्याची ती खूण असते आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांकडं जा, तोवर अंतर कमी करा.

पळणं असं

आठवड्यातून तीनदा पळा, एकदा ताकदीचा व्यायाम करा. चौथ्यांदा पळण्यापेक्षा झोपा. लांब धावेचा वेग इतका सावकाश असावा की सोबतच्या बाईला काल सासूबाई काय म्हणाल्या ते पूर्ण वाक्यांत सांगता यावं. सांगता सांगता धाप लागली तर वेग जास्त आहे. चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला, ही रीत जेफ गॅलोवे या अमेरिकी ऑलिंपिक धावपटूनं रूढ केली. पहिल्यांदा पळणाऱ्यांनी ती बिनधास्त वापरावी. चाललं म्हणजे हरलं असं कोणी म्हटलं तर त्याला चाळिसाव्या किलोमीटरला भेटा. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करा. लेकरू तापानं फणफणलं आणि रात्र जागून काढली, तर दुसऱ्या दिवशी पळू नका, वीस मिनिटं चाला.

ताकदीच्या व्यायामाला वेगळा वेळ मिळत नाही ही तक्रार खरी आहे. म्हणून कुकरजवळ उभं राहून तीन शिट्ट्या होईतो टाचा उचला, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. भाकरी थापून झाल्या की ओट्याला धरून उठाबशा. रात्री मुलं झोपली की तिथंच चटईवर पाठीवर झोपून कंबर वर उचला. पोटरी, मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू घट्ट असले की गुडघा वाचतो.

खर्च करायचाच तर दोन वस्तूंवर करा: बूट आणि स्पोर्ट्स ब्रा. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी. पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की ते भाजी आणायला. ब्रा घेताना दुकानातच उड्या मारून पाहा, लाजू नका. मंगळसूत्र छातीवर आपटतं आणि घामानं मानेवर चट्टा उठतो. घरी ठेवता येत असेल तर उत्तम, नाहीतर कापडाच्या आत सेफ्टी पिननं टाचून घ्या. बगल, मांड्या आणि ब्राच्या पट्ट्याखाली व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. शर्यतीच्या दिवशी पाळी आली तर पॅडमुळे मांड्या सोलवटतात. कप वापरणार असाल तर शर्यतीत पहिल्यांदा नको, दोन-तीन महिने आधी सवय करा.

घरात मदत मागू नका, वेळ ठरवून घ्या. ‘जरा बघाल का’ आणि ‘मंगळवार-गुरुवार सव्वापाच ते साडेसहा तुमचं’ यांत फरक आहे. पहिल्यात लेकरू रडलं की फोन येतो, दुसऱ्यात बाबा स्वतः दूध गरम करतात. कणीक मळून, भाजी चिरून ठेवा, पण डबा भरायचं काम त्या दोन दिवशी त्यांच्याकडंच असू द्या. डब्यात पोळी वाकडी गेली तरी शाळेतून तक्रार येत नाही. नवरा बाहेरगावी किंवा शिफ्टमध्ये असेल, किंवा घरात तुम्ही एकट्याच असाल, तर शेजारणीशी जोडी जमवा: एक दिवस ती दोन्ही घरची पोरं पाहील नि तुम्ही पळाल, दुसऱ्या दिवशी उलट.

मुंबईला जायचं तर छातीवर लावायचा नंबर शर्यतीच्या आधी स्वतः जाऊन घ्यावा लागतो. शुक्रवारी रात्री नागपूरहून बसून शनिवारी सकाळी पोचलात, तर अख्खा शनिवार नंबरच्या रांगेत नि उपनगरी गाड्यांत उभ्यानं जातो. गुरुवारची रात्रीची गाडी धरा. दुरांतो सीएसएमटीलाच उतरवते आणि पूर्ण मॅरेथॉन सुटते तीही तिथूनच. आपण दहा-बारा अंशांत सराव केलेला असतो, मुंबईची हवा दमट असते, घाम वाळत नाही. ठरवलेल्या वेगापेक्षा पहिले दहा किलोमीटर मुद्दाम सावकाश काढा. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, तुमच्या घरचं शर्यतीनंतर ठेवा. वाण म्हणून काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, मैत्रिणींना पळायला ओढायचं असेल तर मोज्यांचे जोड वाईट नाहीत.

शर्यतीआधी किंवा शर्यतीत दुखणं दाबण्यासाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका, शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडांवर ताण येतो. नंतर लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली तर थेट रुग्णालय गाठा. काळं पडलेलं नख ओढून काढू नका, ते आपोआप गळतं. दोन आठवडे पळायचं नाही, चालायचं. जिने उतरताना दोन-तीन दिवस उलटं, कठड्याला धरून उतरावं लागेल. आणि परतीचं तिकीट काढताना आठवणीनं लोअर बर्थ मागा.